घोटभर पाणी तोंडात धरायला लावणाऱ्या साखरे मॅडम

साखरे मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. भांडण मी करत होतो, त्या नुसत्या दारात उभ्या होत्या. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. संपादक मंडळातल्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "गजाननराव, प्रथम परिचयापासून सुरू करा, मग कार्य, मग स्वभाव." आता प्रथम परिचयच असा असला तर मी तरी काय करू?

या ग्रंथात लिहिणारी बाकीची मंडळी डॉक्टर आहेत. मी चौसाळ्याला हायवेवर मामाच्या टायरच्या दुकानात बसतो. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलेलं आहे. तरीही डॉ. इंदुमती साखरे मॅडमच्या एकसष्टीच्या ग्रंथात माझंही पान असावं असं त्यांच्या विद्यार्थ्यांनीच ठरवलं. कारण गेली तीन वर्षं दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या मेडिकल कॉलेजात जातो आणि विद्यार्थ्यांसमोर खोटा पेशंट होऊन बसतो. कधी टीबीच्या गोळ्या मध्येच बंद करणारा, कधी बायकोला आजार सांगू नका म्हणणारा, आणि सगळ्यात जास्त वेळा रागीट नातेवाईक. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, हे भावी डॉक्टरांनी माझ्यासारख्यावर शिकावं आणि मग खऱ्या माणसापुढं जावं, असा मॅडमचा हा तास आहे. कॉलेजचं नाव मुखपृष्ठावर आहेच, ते मी परत लिहीत नाही.

तर भांडण.

वडवणीच्या बाजारपेठेत निवृत्ती मास्तरांचं टेलरिंगचं दुकान आहे. पायानं चालवायची जुनी मशीन, एक बाकडं, एक माठ, आणि मागच्या पडद्याआड घर. बायको वारलेली, घरात एकुलती मुलगी, वर्षा. वर्षा आणि मी बीडला एका वर्गात होतो. एका पोरानं तिच्या वहीवर काहीतरी घाणेरडं लिहिलं म्हणून मी त्याला प्राचार्यांच्या खोलीसमोरच धुतला. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, मागत नाही. माझं कॉलेज तिथं सुटलं. वर्षा तेव्हा एवढंच बोलली होती, "मी सांगितलं होतं का तुला?" मला त्या प्रश्नाचा लई राग आला होता. तिनं पदवी पुरी केली, वडवणीला शिकवण्या सुरू केल्या. मी टायर काढत-बसवत राहिलो, पण डोक्यातून ती काही निघाली नाही.

मास्तरांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात टाचणी घुसली. साखरेचा आजार जुना, पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. अंगठा काळा पडला तेव्हा वर्षानं मला फोन केला, कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच. "वडलांना मेडिकलला न्यायचंय. तुझी गाडी हाय ना?" मी चौसाळ्याहून वडवणीला किती वेळात पोचलो ते इथं लिहीत नाही, ग्रंथ पोलीसही वाचतील. मास्तर गाडीवर माझ्यामागं बसले, वर्षा एसटीनं मागून येणार होती. मास्तरांना मी 'वर्षाच्या वर्गातला पोरगा' एवढाच ठाऊक.

ओपीडीत तोबा गर्दी होती. टेबलाशी डॉ. अनिकेत म्हणून नाशिककडचे एक इंटर्न, म्हणजे शिक्षण संपवून कामाचं वर्ष करणारे डॉक्टर, सकाळपासून उभे होते. त्यांनी अंगठा पाहिला, कागदावर लिहिता लिहिताच म्हणाले, "अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाय जाईल. ॲडमिट व्हा. चला, पुढचे कोण?"

यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्यांची कॉलर धरली.

"पाय जाईल म्हंजे? भेंडी कापायलाय का बे?"

"हात काढा आधी. तुम्ही कोण यांचे?"

"मी कोण? होणारा जावई हाय मी ह्यांचा!"

मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर माझ्याकडं पाहत होते. ही बातमी त्यांना पहिल्यांदाच कळत होती. खरं सांगायचं तर वर्षालाही मी अजून विचारलेलं नव्हतं. मास्तर उठले, चप्पल सरकवली, "जावई म्हनं," एवढंच बोलले आणि लंगडत, पुढ्यातली माणसं बाजूला सारत, सरळ रस्त्यावर जाऊन एसटीत बसले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीच्या दारातून मॅडम पुढं आल्या. मी ऐकून होतो की साखरेच्या आजाराच्या मोठ्या डॉक्टर साखरेच आहेत. गावोगाव हा विनोद चालतो. पाहिल्यावर वाटलं, ह्या एवढ्याच? माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची, सुती साडी, पायात पळायचे बूट. सुरक्षारक्षकानं माझा दंड धरला होता. मॅडम म्हणाल्या, "सोडा त्यांना." मग मला म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरांच्या अंगावर हात टाकलात. हे चूक आहे आणि त्याची माफी तुम्ही आत्ता मागणार आहात. तक्रार करायची का नाही ते डॉक्टर अनिकेत ठरवतील. ते मी ठरवणार नाही."

त्यांचा आवाज जराही चढला नाही. प्राचार्यांपुढं न मागितलेली माफी मी त्या दिवशी मागितली. डॉ. अनिकेत कॉलर नीट करत राहिले. मग मॅडमनी विचारलं, "गुरुवारी दुपारी रिकामे आहात का?"

"कावून?"

"आवाज चांगला आहे तुमचा. माझ्या मुलांना असा माणूस सरावाला मिळत नाही."

मला वाटलं, बाई माझी टर उडवतात. पण त्यांनी पर्समधल्या डायरीत माझं नाव लिहूनही घेतलं, 'श्री. गजानन' असं.

वर्षा आली तेव्हा मी गेटजवळ उभा होतो. काय झालं ते तिला चहावाल्याकडूनच कळलं होतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्या वडलांचा पाय गेला ना गजा, तर मला तुझं तोंड दाखवू नको." आणि आत गेली. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसल्या. गोळ्या कोणत्या, ड्रेसिंग कसं, ताप आला किंवा काळेपणा वर सरकला तर रात्र असो दिवस असो थांबायचं नाही, हे एकेक करून सांगितलं. "फार दिवस नाहीत आपल्याकडं. आठवडाही धरू नका," हेही सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "आता मला सांगा, घरी गेल्यावर वडिलांना काय सांगाल?" वर्षानं सगळं परत सांगितलं. एक गोळी तिच्याकडून राहिली, ती मॅडमनी पुन्हा सांगितली. मी दाराबाहेरून ऐकत होतो. हा प्रश्न मॅडमचा कायमचा आहे आणि त्याच्यामागं एक गोष्ट आहे. ती त्या दर वर्षी पहिल्या तासाला स्वतःच्या तोंडानं सांगतात.

मॅडम नव्यानं डॉक्टर झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीहून परतलेली एक बाई त्यांच्याकडं आली होती. मॅडमनी तिला व्हरांड्यात उभ्या उभ्या आजार सांगितला, औषध सांगितलं, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवून "व्हय बाई, व्हय बाई" म्हणाली आणि गेली. ती परत आलीच नाही. मॅडमनी पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, तिला त्यातलं काहीच समजलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई बोलतीय, मध्ये कसं विचारावं, म्हणून ती मान हलवत होती. मॅडम विद्यार्थ्यांना म्हणतात, "चूक तिची नव्हती. मी तिला परत सांगायला लावलं नाही. तुम्ही लावा." एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या बाई नव्या पोरापोरींपुढं स्वतःची चूक अशी उघडी करून ठेवतात, हे मला पहिल्या दिवशी पटलंच नव्हतं. आमच्याकडं तर पंक्चर चुकीचं काढलं तरी मामा टायरच्या कंपनीला दोष देतात.

गुरुवारी मी गेलो. जायचं नव्हतं, पण डॉ. अनिकेत यांचा निरोप आला होता, 'गुरुवारी आलात तर तक्रार करणार नाही.' खोलीत समोरासमोर दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या आणि भिंतीकडेनं बसलेले वीसेक विद्यार्थी. मॅडम म्हणाल्या, "आज तुम्ही स्वतः होऊ नका. निवृत्ती मास्तर व्हा."

म्हटलं, सोपं आहे. पहिला विद्यार्थी आला, बसला आणि मधुमेहावर भाषणच द्यायला लागला. मी मास्तरांसारखा भिंतीकडं तोंड करून बसलो. दुसरी मुलगी म्हणाली, "काका, मशीनला मोटर बसवून घ्या ना, पायाचं कामच नको." मी म्हणालो, "मोटर लावली की शिलाई पळती पोरी, हातात राहत न्हाई. आन् लाइट गेली की मोटर बसती, मी बी बसू का?" पोरं हसली. मास्तरांचं हे वाक्य मला वर्षानं कधीतरी सांगितलेलं होतं. माझी कॉलर ताठ झाली.

मग मॅडमनी डॉ. अनिकेत यांना उठवलं आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. ही मॅडमची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जो विद्यार्थी पेशंटच्या मध्ये मध्ये बोलतो त्याला त्या एक घोट पाणी तोंडात धरायला लावतात. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. आधी एक प्रश्न विचारायचा, मग घोट घ्यायचा, आणि पेशंटचं बोलणं आपणहून थांबेपर्यंत तसंच बसायचं. पहिल्या तासाला निम्म्यांच्या ॲप्रनवर पाणी सांडतं. मॅडम म्हणतात, "माणूस फार वेळ बोलत नाही हो. आपल्यालाच तेवढा वेळ फार वाटतो."

डॉ. अनिकेत यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय वाटतंय? कशाची काळजी आहे?" आणि घोट घेतला.

मी तोंड उघडलं. आणि माझ्याकडं काही नव्हतंच. मास्तरांना काय वाटतंय? मला माहीत नव्हतं. मी त्यांना गाडीवर बसवून एवढं लांब आणलं होतं, त्यांच्यासाठी माणसाची कॉलर धरली होती, जावई म्हणून जाहीर झालो होतो, पण त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. डॉ. अनिकेत गाल फुगवून माझ्याकडं बघत बसले.

"ठाऊक नाही ना?" मॅडम म्हणाल्या.

"न्हाई."

"मग विचारून या. पटवायचं नाही, समजावायचं नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. फक्त विचारायचं आणि ऐकून यायचं. आजच जा."

"त्यांनी कात्री फेकून मारली तर?"

"तर मलमपट्टीला आमच्याकडंच या," मॅडम म्हणाल्या. वर्ग पुन्हा हसला. पण गाडीपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या आणि म्हणाल्या, "गजाननराव, राग तुम्हाला येतो तो काळजीपोटी येतो, हे मला दिसतं. मास्तरांना ते दिसायला जरा वेळ लागेल. सावकाश गाडी चालवा." कॉलेज सुटल्यापासून मला 'राव' लावून बोलणारं हे पहिलं माणूस.

दुकानात पोचलो तेव्हा मास्तर कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होते. पायाला फडकं गुंडाळलेलं, तरी दोन्ही पाय पायडलवर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जावईबापू, माप द्यायचंय का?"

मी बाकड्यावर बसलो. कसंबसं विचारलं, "मास्तर, तुमाला काय वाटतंय? कशाचं भ्या हाय?" आणि उठून माठातलं पाणी घेतलं, घोट तोंडात धरून परत बसलो.

मशीन चालत राहिली. एक बाही झाली. दुसरी झाली. माझे गाल दुखायला लागले. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तोंडात काय धरलंय बे?" मी मान हलवली. "दात दुखतोय का?" मी परत मान हलवली. ते एकदम हसले, आणि हसता हसताच बोलायला लागले.

म्हणाले, "माजलगावला आमचा एक साडू हुता. त्याचं बी असंच बोट काढलं. मग पाऊल काढलं. मग गुडघ्यापास्नं पाय. मी बघाय गेलतो. मला म्हनला, निवृत्ती, एकदा सुरू झालं की थांबत न्हाई. पोरा, मराया मी भेत न्हाई. पर अंगठा गेल्यावर ही पायडल दबती का न्हाई, हे मला कोन सांगतंय? रेटा अंगठ्यानंच बसतो की. मशीन बंद पडली तर मी लेकीच्या जिवावर बसून खाऊ? तिचं लगीन व्हायचंय अजून. तुझ्याशी न्हवं," हे त्यांनी लगेच जोडलं, "कुणाशी बी."

मला लई बोलायचं होतं. 'दबती की! कशाला भेता!' असं ओरडायचं होतं. पण तोंडात पाणी होतं, आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. ते थांबले. मी पाणी गिळलं आणि म्हणालो, "मास्तर, हे मला म्हाईत न्हाई. विचारून येतो." दाराच्या पडद्याआड वर्षा उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रश्न मॅडमपुढं ठेवला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मलाही माहीत नाही. चला, बघू." एवढ्या वर्षांच्या अनुभवाच्या डॉक्टर 'मला माहीत नाही' असं इतक्या सहज म्हणतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. आमच्या गावात हे वाक्य कुणी उच्चारत नाही, रस्ता विचारला तरी नाही.

दवाखान्याच्या मागं एक शिवणखोली आहे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे तिथं शिवले जातात, आणि तिथं पायानं चालवायची मशीन आहे. मॅडमनी बूट काढले, उजव्या पायाचा अंगठा पट्टीनं वर बांधून घेतला आणि मशीनवर बसल्या. डॉ. अनिकेत घड्याळ धरून उभे. तिथल्या शिंपीणबाई ओरडल्या, "अवो मॅडम, उलटी फिरायली ती! सुई मोडंल माझी!" मॅडमनी चाक थांबवलं, पुन्हा सुरू केलं. टाच, चवडा, टाच, चवडा. पहिला अभ्रा इतका वाकडा झाला की त्यात उशी गेलीच नसती. दुसरा बरा झाला. मग त्यांनी डॉ. अनिकेतना बसवलं, मग मला. दुपारपर्यंत खोलीत वाकड्या अभ्र्यांचा ढीग झाला. मॅडम पोटरी चोळत म्हणाल्या, "दबते. पण बाकीच्या चवड्यावर भार येतो आणि लवकर दुखतं. आपला अंगठा नुसता बांधलेला आहे, त्यांचा नसणार आहे. हेही सांगायचं. सगळं सांगायचं."

मी म्हणालो, "तुमीच चला मॅडम. तुमचं ऐकतील ते."

त्या म्हणाल्या, "ज्यांनी आधी सांगितलं त्यांनीच परत सांगायला हवं. नाहीतर मास्तरांना वाटेल, लहान डॉक्टर घाबरवतात आणि मोठे गोड बोलतात. आणि डॉक्टर अनिकेतना आयुष्यभर हेच काम करायचं आहे." डॉ. अनिकेत यांनी ड्यूटी बदलून घेतली आणि त्याच दुपारी आम्ही दोघं एसटीनं वडवणीला गेलो. ज्या कॉलरला मी हात घातला होता ती माझ्या शेजारच्या सीटवर होती. ते सगळा रस्ता तोंडातल्या तोंडात वाक्यं पाठ करत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, एक सांगू? फक्त 'पाय वाचंल, खात्री हाय' एवढं म्हणा. काम झालं."

"तेवढंच म्हणायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय," ते म्हणाले.

दुकानात ते बाकड्यावर बसले. आधी म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी तुम्हाला उभ्यानं, घाईत सांगितलं. माझं चुकलं." मास्तरांचे पाय पायडलवर थांबले. मग डॉक्टरांनी साडूंबद्दल विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. फडकं सोडून अंगठा पाहिला. मग सांगितलं, "अंगठा काढावा लागेल. आत्ता काढला तर पाय वाचायची चांगली आशा आहे. खात्री मी देऊ शकत नाही. थांबलात तर ती आशा रोज कमी होते." शिवणखोलीची हकीकत सांगितली, आणि पिशवीतून मॅडमनी शिवलेला दुसरा अभ्रा काढून मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी अभ्रा उलटा केला, टीप बघितली. "ही कुनी शिवली?"

"साखरे मॅडमनी. अंगठा बांधून."

"टीप लई वंगाळ हाय," मास्तर म्हणाले. बराच वेळ ते त्या टिपेवर बोट फिरवत राहिले. "पर सुटली न्हाई मधी कुटं."

डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला, "मास्तर, आम्ही गेल्यावर वर्षाताईंना काय सांगाल?"

"सांगतो की, अंगठा काढायचाय. पाय राहील का न्हाई ते ह्यांनला बी पक्कं म्हाईत न्हाई, पर आज काढला तर राहायचा संभव हाय, उद्या कमी, परवा त्याहून कमी. पायडल दबंल, पर चवडा दुखंल. साखर बघावी लागंल." त्यांनी मशीनवरच्या कापडाकडं पाहिलं. "एवढी दोन ब्लाउजं पुरी करतो. लग्नघरचं काम हाय. मग येतो."

माझं डोकं सरकलं. ब्लाउजं! पण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळची पहिली एसटी. दुपारपर्यंत थांबता येणार नाही." पडद्याआडून वर्षा बाहेर आली, मशीनवरचं कापड उचललं आणि म्हणाली, "हातशिलाई मी करते. तुमी पिशवी भरा, अण्णा."

मास्तर पहिल्या एसटीनं आले. अंगठा गेला. पाय राहिला. ऑपरेशननंतरचे काही दिवस वाईट होते. जखम भरते का नाही यावर आम्ही सगळे टांगलेले होतो आणि मॅडम रोज सकाळी येऊन जे असेल तेच सांगत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "आज कालच्यापेक्षा चांगली नाही." मी चिडलो, म्हणालो, जरा बरं सांगायला काय जातं? त्या म्हणाल्या, "मग ज्या दिवशी खरंच बरी असेल त्या दिवशी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल का?" चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "आज चांगली आहे," आणि मी वॉर्डातच उडी मारली. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

आज मास्तर मशीन चालवतात. पूर्वीइतका वेळ नाही, मधून मधून पाय वर घेऊन बसतात, पण चालवतात. डॉ. अनिकेत आता नाशिककडं नोकरीला आहेत आणि त्यांनी तिथं हाच तास सुरू केला आहे. त्यांचा फोन येतो, "गजाननराव, तुमच्यासारखा रागीट माणूस इकडं मिळत नाही हो."

आणि मी दर गुरुवारी येत राहिलो. पहिल्या वर्षाच्या शेवटी वर्गाच्या दारावर वेळापत्रक लागलं, त्यात मॅडमच्या नावाखाली छापलं होतं, 'सहशिक्षक : श्री. गजानन'. मी ते वाचलं आणि पाणी प्यायला म्हणून खाली गेलो ते अर्ध्या तासानं वर आलो. कॉलेज सोडलेल्या माणसाला कॉलेजात शिक्षक म्हणून लिहिणं, यात आपण काही विशेष केलं असं मॅडमना वाटलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "उशीर का झाला?" याच वर्षी मी मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. वर्षाच्या सांगण्यावरून भरला. म्हणजे, तिनं सांगितलं आणि मी पुरतं ऐकून घेतलं, हे मोठं.

आता जे लिहायचं ते संपादक मंडळ कापेल, पण मी लिहिणार. मागच्या महिन्यात मी वर्षाला रीतसर विचारलं. तिला काय वाटतं ते विचारलं आणि गप्प बसलो. ती बराच वेळ बोलली. त्यातलं निम्मं माझ्याविरुद्ध होतं, सगळं खरं होतं. शेवटी म्हणाली, "माझं हो हाय. पण अण्णांचं तू विचार. आरडाओरडा न करता."

मी आधी गुरुवारच्या तासाला तालीम केली. एक विद्यार्थी मास्तर झाला, मी मी झालो. मॅडमनी मला दहापैकी पाच गुण दिले. मध्ये बोलल्याबद्दल तीन आणि 'खात्री देतो' म्हटल्याबद्दल दोन कापले. मग वडवणीला गेलो, बाकड्यावर बसलो, विचारलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "तू वाईट न्हाईस. पर डोकं गरम हाय तुझं. लेकीचा प्रश्न हाय, मला खरं सांगनारं मानूस पायजे. तुज्या मामाला विचारलं तर तो ग्वाडच सांगंल. साखरेबाईंचा सत्कार हाय म्हनं. मी येनार हाय. त्या बाईला इचारतो, ह्यो पोरगा कसा हाय. ती म्हनंल तसं."

तेव्हा या लेखाच्या वाचकांनी, विशेषतः मॅडमच्या विद्यार्थ्यांनी, माझी स्थिती समजून घ्यावी. ज्या बाईंनी जखमेबद्दलही कधी एक गोड खोटं सांगितलं नाही, त्यांच्या एका उत्तरावर माझा संसार ठरणार आहे. माझं सगळं त्यांना ठाऊक आहे, धरलेल्या कॉलरपासून पाच गुणांपर्यंत.

आदरणीय मॅडम, आपण साठ वर्षं पुरी केलीत. इथून पुढची सगळी वर्षं आपल्याला निरोगी, हसतीखेळती आणि भरपूर लाभोत. आपले विद्यार्थी गावोगावच्या दवाखान्यांत खुर्ची ओढून पेशंटसमोर बसत राहोत, आणि आपण ते डोळ्यांनी पाहत राहा. सत्काराच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ जरा अडखळत्या चालीनं आपल्याकडं येतील आणि माझ्याबद्दल विचारतील. आपण त्यांना खरं तेच सांगा. मी शेजारीच उभा असेन, आणि मध्ये बोलणार नाही.